खाली घेतलेला आवाज

लग्नकार्यात कुणी विचारलं की तू नेमकं करतेस काय, तर मी आता "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगते. आधी नीट समजावून सांगायचे. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असतो, प्रत्येकाची पातळी वेगळी, कोण पुढे, कोण मागे. सगळं ऐकून घेतल्यावर समोरची बाई वाढप्याकडे बघत म्हणायची, "म्हंजी आवाज कमी-जास्त करायचा." हो, तेवढंच. तिचं काही चुकत नव्हतं, आणि तोवर माझा भात गार झालेला असायचा.

माझी खोली केडगावात, स्टेशनच्या थोडी अलीकडे. पूर्वी सासरे तिच्यात कांदा भरायचे. पुण्यातल्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षं काढली, मग रोजच्या जाण्यायेण्याला वैतागले आणि कांद्याची खोली मागून घेतली. गादीवाल्याकडून कापसाचे जाड तक्के शिवून घेऊन भिंतींना लावले, दाराला आतून गोधडी टांगली. दमट हवेत अजून कांद्याचा वास येतो. मालगाडी आली की रेकॉर्डिंग थांबवावं लागतं. गाणारे थांबतात, गाडी जाऊ देतात, पुन्हा सुरू करतात. पुण्याचे लोक याचा बाऊ करतात, इथले करत नाहीत.

कामं म्हणाल तर लग्नात नवरी मांडवात येतानाची गाणी, निवडणुकीची गाणी, शर्यतीच्या बैलांवरची गाणी. तमाशाच्या थिएटरांचा चौफुला जवळ असल्यामुळे अधूनमधून लावण्याही. यात बैलांची गाणी सगळ्यात अवघड. बैलाचा मालक शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि बैलाचं नाव आलं की "अजून वर घ्या" म्हणतो. मग मी कशालाच न जोडलेलं एक बटण त्याच्या देखत वर सरकवते. "हां, आता कसं!" म्हणून तो मांडीवर थाप मारतो. मला याची लाज वाटत नाही. सगळ्यांनाच सगळं वर पाहिजे असतं, आणि सगळंच वर गेलं तर ऐकू काहीच येत नाही, हे सांगत बसायला मला वेळ नसतो.

केंदूरच्या बायकांच्या भजनी मंडळाचं काम फोनवर ठरलं. बोलत होती ती मंडळातल्या मुख्य गाणाऱ्या बाईंची सून.

"ताई, तुमच्याकडं ती चौफुल्याची गाणी बी होत्यात का?"

"होतात."

"मग आम्ही यायच्या दिवशी भिंतीवर काय असंल तर काढून ठेवा. बायकांना मी केडगाव सांगितलंय, चौफुला न्हाई."

भिंतीवर कापसाशिवाय काही नव्हतं. तरी मी बरं म्हटलं.

त्यांच्याकडे देवीची गाणी होती. गावातल्याच कुणा बाईनं फार पूर्वी रचलेली, मंडळाबाहेर कुणाला येत नाहीत अशी. ती पेनड्राइव्हवर हवी होती, म्हणजे देवळाच्या भोंग्यावर सकाळी लावता येतील. मळ्यातल्या वस्तीपर्यंत शब्द कळला पाहिजे, ही अट. एवढं बोलून झाल्यावर सूनबाईंनी आवाज जरा खाली आणला.

"खरं सांगू का ताई, सासूबाई आताशा विसरत्यात. मला कळतंय, पर कुणी कबूल करंना. त्या पहिल्यापासनं पुढं बसून सांगत आल्यात ना. आता नवरात्रात पुढं कुणी बसायचं ते या रेकॉर्डिंगवरनं ठरवायचंय. एकदा जरी आडखळल्या तरी मी बसनार."

ती वाईट नव्हती. तिचा आवाज चांगला होता आणि तो चांगला आहे हे तिला माहीत होतं, इतकंच. ठरल्याप्रमाणे एका सकाळी सगळ्याजणी जीप करून आल्या. सोबत पेटीवाले आणि पखवाजवाले मामा.

मुख्य गाणाऱ्या बाई, म्हणजे थोरल्या, ठेंगण्या आणि ताठ. खोलीत आल्या आल्या तक्क्याला हात लावून त्यांनी कापूस कसला आहे ते पाहिलं आणि नापसंत केला. बोलायचा आवाज बारीक, पण गायला तोंड उघडलं की मीटरचा काटा लाल रेषेकडे धावायचा. त्यांच्या उजव्या खांद्यामागे टाळ घेऊन बसल्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई. मी धाकट्यांना म्हटलं, तुम्ही मागे इतर बायकांबरोबर बसा, त्यांच्यासाठी वेगळा माईक लावलाय. इथे बसलात तर टाळ यांच्या माईकमध्ये शिरेल.

"न्हाई, मी हितंच बसते," धाकट्या म्हणाल्या.

थोरल्या भिंतीकडे बघत मला म्हणाल्या, "बसू दे तिला. टाळ तिथनंच बरा ऐकू येतो."

मी चिडले. टाळ एकदा गाण्याच्या माईकमध्ये शिरला की पुढे सगळीकडे तोच ऐकू येतो, कापता येत नाही, दाबता येत नाही. पण दोघी हलायला तयार नव्हत्या, आणि मालगाड्यांच्या मधल्या वेळात काम उरकायचं होतं.

मध्ये पाणी दिलं तेव्हा एक गोष्ट दिसली. थोरल्या तांब्यातलं थोडं पाणी प्यायल्या आणि तांब्या मागे न देता त्यांनी फरशीवर ठेवला. धाकट्यांनी तो उचलला, पाणी घेतलं, परत फरशीवर ठेवला. मी सूनबाईंकडे पाहिलं. तिनं मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, वाटणी झाली तेव्हापासून दोघींचा अबोला आहे. विहिरीच्या पाण्यावरून. एका आवारात राहतात, एका नळाला पाणी भरतात, पण बोलत नाहीत.

"आणि भजनाला एकत्र?"

"देवाच्या कामात अबोला नसतो, ताई. गाण्यातलं बोलायचं. गाण्याभाईरचं न्हाई."

मला ही व्यवस्था समजूतदारपणाची वाटली. निम्म्या कुटुंबांमध्ये याहून जास्त बोलून काही साधत नाही.

रेकॉर्डिंग चांगलं झालं, मालगाडीसाठी एकदाच थांबावं लागलं. थोरल्या एकदाही अडखळल्या नाहीत. कडव्यामागून कडवं, शब्द कसे हाताला धरून आणल्यासारखे येत होते. सूनबाई पहिल्या गाण्याला कान देऊन ऐकत होती, शेवटच्या गाण्याला ती नुसतीच गात होती. जाताना बायकांनी मला हळदकुंकू लावलं आणि कांद्याचा वास कुठून येतो ते विचारलं.

मिक्सिंगला मी दोन दिवसांनी बसले. भोंग्याचं गाणं वेगळ्या पद्धतीनं करावं लागतं. भोंग्याला खर्ज नसतो, बारीक छटा त्याच्यातून जात नाहीत. वारा असतो, ट्रॅक्टर असतो, कुत्री असतात. हळू म्हटलेला शब्द वेशीच्या पुढे पोचत नाही. म्हणून कॉम्प्रेसर कडक लावायचा. मोठा आवाज ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की कॉम्प्रेसर त्याला खाली दाबतो. असा सगळा चढउतार कमी झाला की मग अख्खं गाणं वर उचलता येतं. लोकांना वाटतं, गाणं मोठं झालं. खरं म्हणजे जे मोठं होतं ते तेवढंच राहतं आणि जे लहान होतं ते वर येतं. गाणाऱ्याचा श्वास, पेटीच्या भात्याची फुसफुस, बांगड्यांची किणकिण. विहिरीचं पाणी उपसलं की तळाला पडलेली कळशी दिसायला लागते, तसं.

थोरल्यांच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावला आणि कुणीतरी बोलायला लागलं.

आधी मला वाटलं, कुणाचा तरी फोन चालू राहिला असणार. बायकांना मी फोन बंद करायला सांगितलं होतं आणि त्यांनी माना हलवल्या होत्या, म्हणजे केले नसणार. मनातल्या मनात मी सगळ्या मंडळाला बोलून घेतलं. मग बाकीचे ट्रॅक बंद करून एकटा तो ट्रॅक ऐकला. कुजबूज होती. प्रत्येक कडव्याच्या आधी, बायकांचं धृपद संपता संपता, टाळाच्या आडून एक शब्द यायचा. "उंबऱ्याशी." लगेच थोरल्या उंबऱ्याशी सुरू होणारं कडवं खणखणीत उचलायच्या. पुन्हा धृपद, पुन्हा टाळ, पुन्हा शब्द. "सांजवात." आणि थोरल्या सांजवातीचं कडवं गायच्या. पहिला शब्द हातात आला की पुढचं सगळं त्यांना येत होतं. तो पहिला शब्द मात्र त्यांच्याजवळ नव्हता. तो दर वेळी उजव्या खांद्यामागून येत होता.

मी गाण्यामागून गाणं तपासलं. एकही कडवं असं नव्हतं की ज्याच्या आधी धाकट्यांनी शब्द दिला नाही.

मी खुर्ची मागे सरकवली. टाळासाठी मी त्या बाईवर चिडले होते, ते आठवून मला माझाच राग आला. आणि थोरल्यांचं वाईट वाटलं, उगाच नाही, खरंच वाईट वाटलं. त्या खोलीत त्या एवढ्या ताठ बसल्या होत्या.

हे असंच भोंग्यावर गेलं असतं तर सगळ्या केंदूरला कुजबूज आधी आणि कडवं नंतर ऐकू आलं असतं. सूनबाईला तर पहिल्याच गाण्यात कळलं असतं. कुणाच्या घरात पुढे कोण बसतं याच्याशी माझा काही संबंध नव्हता, अजूनही नाही. पण मिक्सिंगमध्ये नको असलेला आवाज काढायचा असतो, आणि हा आवाज कुणालाच नको असणार, असं मी धरून चालले.

काम किचकट निघालं. ठरावीक पातळीच्या खालचं सगळं आपोआप बंद करायची सोय असते, ती इथे कामाची नव्हती, कारण टाळ सतत चालू होता आणि त्याच्याबरोबर कुजबूजही आत येत होती. मग प्रत्येक शब्दापाशी जाऊन तेवढ्या जागेचा आवाज हातानं खाली घेतला. तोही कॉम्प्रेसरच्या आधी, नाहीतर मी खाली दाबायचं आणि त्यानं वर काढायचं, असा खेळ झाला असता. खाली घेतल्यावर जो खड्डा पडायचा तो बुजवायला इतर बायकांचा आवाज किंचित वर. शब्द गेला हे कळू नये आणि टाळ गेला असंही वाटू नये.

मालगाडीसाठी थांबलो होतो त्याच्या नंतरच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या शेवटी, कुजबूज जरा लांब होती. तिथे पखवाज जोरात आहे, बायकांचं धृपद चढलेलं आहे आणि थोरल्यांचा श्वास ऐकू येतो, तुटका, वर वर घेतलेला. त्या श्वासावरच धाकट्या म्हणतात, "दम खा, बाई." आणि मग थोड्या वेळानं पुढचा शब्द देतात.

तेही मी खाली घेतलं. ते तर गाण्यातलंही नव्हतं.

सूनबाई पेनड्राइव्ह न्यायला आली तेव्हा पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय हलली नाही. डोळे बारीक करून, एकेका कडव्याच्या सुरुवातीला मान पुढे काढून ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एकदा बी न्हाई आडखळल्या." बोलताना तिचा चेहरा पडला होता आणि त्यातच कुठेतरी अभिमानही होता. दोन्ही खरं असावं. "जाऊ द्या. मग ह्या नवरात्रात त्याच बसत्याल." मी चहा विचारला, तिला जीप गाठायची होती.

माझ्या दृष्टीनं काम संपलं. मला समाधान वाटलं होतं, ते नाकारत नाही. असलं काम छान जमलं तर कुणाला कळत नाही, ही आमच्या धंद्यातली बढाई आहे आणि मी ती मनातल्या मनात मारून घेतली.

पुढच्या आठवड्यात, दुपारची जेवणं आटोपली होती, तेव्हा सासऱ्यांनी बाहेरून हाक मारली की कुणी बाई आल्यात. दारात थोरल्या उभ्या होत्या. एकट्या. पाटसला भाचीकडे आल्या होत्या, परत जाताना चौफुल्याला एसटीतून उतरून रिक्षानं आल्या, असं त्यांनी सांगितलं. मी खुर्ची दिली. त्या खाली सतरंजीवर, रेकॉर्डिंगच्या दिवशी होत्या त्याच जागी बसल्या.

"पेनड्राइव्ह चालत नाही का, मावशी?"

"चालतो. देवळात लावत्यात. समद्यांला आवडलंय." मग त्यांनी दारावरच्या गोधडीची शिलाई न्याहाळली. "पोरी, तुला एक इचारते. सुनंला बोलू नको."

"नाही बोलणार."

"मला आताशा ध्यानात ऱ्हात न्हाई. तुला कळलं असंल. कॉम्प्युटरला समदं कळत असंल."

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

"धाकटी सबूद देती. ते कुनाला ठाव न्हाई. ते तू काढलंस ते बेस केलंस." त्यांनी पदर सारखा केला. "माझं येगळंच हाय. ते गाडीसाठी थांबलो न्हवं का आपण, त्याच्या म्होरल्या गाण्यात ती काय तरी बोलली मला. गाण्यातलं न्हाई. दुसरंच. मला दम लागला हुता तवा. मी गात हुते, काय बोलू तिला? घरी गेल्यावर वाटलं, खरंच बोलली का? का मलाच वाटलं? इतक्या वर्सात ती गाण्याभाईरचं बोललेली न्हाई माझ्याशी. तिला इचारावं तर अबोला."

"मग?"

"मग म्हनलं, पेनड्राइव्हात असंल. रोज सकाळी देवळापशी जाऊन हुभी ऱ्हाते. त्या जागंला कान लावते. तिथं काईच न्हाई, पखवाज हाय आन् बायका हायेत. म्हंजी माझंच डोकं. सबूद जात्यात ते जात्यात, आता नसल्यालं बी ऐकू यायला लागलं म्हनायचं."

हे त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या, एखादी गाय आटली हे सांगावं तसं. त्यांची लाज झाकायची म्हणून मी तो आवाज खाली घेतला होता, आणि रोज सकाळी ही बाई देवळापाशी उभी राहून आपलं डोकं गेल्याची खात्री करून घेत होती.

"मावशी, तुमचं डोकं ठीक आहे," मी म्हटलं. "ते मी काढलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गेलं का मग?"

"नाही. इथे काढलेलं जात नाही. खाली घेतलेलं असतं फक्त."

फाइल उघडायला नेहमी लागतो तेवढाच वेळ लागला असेल, मला तो फार वाटला. थोरल्यांचा ट्रॅक एकटा ठेवला, आवाज खाली घ्यायला मी ओढलेल्या सगळ्या रेषा काढून टाकल्या, कॉम्प्रेसर होता त्याहून कडक केला आणि अख्खा ट्रॅक वर उचलला. असं ऐकायला वाईट लागतं. टाळ कानात टोचतो, श्वास वादळासारखे येतात. कुणाला ऐकवण्यासारखं ते मिक्सिंग नव्हतं. हेडफोन मी त्यांच्या डोक्यावर पदरावरूनच चढवला, आणि मला कळावं म्हणून छोटा स्पीकर हळू चालू ठेवला.

पहिला शब्द आला तेव्हा त्या दचकल्या. मग ओठ हलायला लागले. शब्द यायचा, त्या ओठांतल्या ओठांत कडवं म्हणायच्या. दुसरं कडवं, तिसरं. पखवाज चढला. त्यांचा तो तुटका श्वास आला, आणि त्यावर अगदी जवळून, कानात सांगितल्यासारखं, "दम खा, बाई."

त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही. हात वर करून मला थांबवायला सांगितलं.

"हाय की," त्या म्हणाल्या. "बोलली की ती." मग थोड्या वेळानं, "म्हंजी मी अजून येडी झाले न्हाई."

"नाही झालात."

"पुन्यांदा लाव."

मी थोडं मागून लावलं. हेडफोन घातलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. नवे गाणारे माझ्याशी ओरडूनच बोलतात. पखवाज आला, श्वास आला. "दम खा, बाई," धाकट्या म्हणाल्या, आणि थोरल्यांनी मान उजव्या खांद्यामागे वळवून, बाहेर बसलेल्या सासऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "खाते गं, खाते."

मागे तक्क्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी हेडफोन काढला, पदर नीट घेतला आणि जराशा ओशाळून विचारलं, "लई मोठ्यानं बोलले का गं?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "बरोबर होता आवाज."